चिमाबाईचा टाक

थोरल्या आईनं मला मूठ उघडायला लावली आणि तळहातावर चांदीची दोन जोडवी ठेवली. काळी पडलेली, आतून झिजलेली, तिच्या अंगातल्या तापानं कोमट झालेली. किती दिवस उशाखाली फडक्यात बांधून ठेवली होती कोण जाणे.

“ह्यातनं माझा टाक करून आण,” ती म्हणाली. “आमुशाच्या आत.”

मी हसलो. चांगला तोंड भरून हसलो. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली, पण ते हसू आठवलं की अजून माझे कान तापतात.

ज्यांच्या घरात टाक नसतात त्यांना आधी सांगायला हवं. टाक म्हणजे काडेपेटीएवढा चांदीचा पत्रा आणि त्यावर ठशानं उठवलेली आकृती. आमच्या विट्याकडच्या घरांत देव्हाऱ्यात वरच्या ओळीला खंडोबा, जोतिबा, भवानी यांचे टाक असतात, आणि खालच्या ओळीला घरातल्या गेलेल्या माणसांचे. माणूस गेलं की वर्षानं त्याचा टाक करायचा आणि देवांत बसवायचा. मग ते माणूस घराच्या लेखी मरत नाही. रोज त्याला पाणी मिळतं, सणाला पोळी मिळते, आणि सर्वपित्री अमावास्येला, दुसऱ्या दिवशी घट बसायचे म्हणून सगळे देव घासायला काढतात तेव्हा, घासणारी बाई एकेकाचं नाव घेत त्याला उजळते.

आमच्याकडं असे सहा होते. पणजोबा नारबा, पणजी चिमाबाई, आजोबा, आजी, ऐन बाविशीत विहिरीत गेलेले थोरले चुलते आणि माझी आई. आई मी दीड वर्षांचा असताना गेली. चुलते गेले तेव्हा त्यांची बायको, म्हणजे थोरली आई, एकोणीस वर्षांची होती, पोटी काही नाही. माहेरचे न्यायला आले होते म्हणे. पण त्याच वर्षी माझी आई गेली, आणि दिराचं हे रडकं पोर हिच्या कडेवर आलं ते उतरलंच नाही. ती राहिली.

तिचा टाक मात्र होणार नव्हता. ज्या बाईला कुंकू नाही आणि लेकरूही नाही तिला टाकात बसवत नाहीत, असं आमच्या भावकीत चालत आलेलं. अठ्ठेचाळीस वर्षं दर सर्वपित्रीला या सहा जणांना चिंच आणि राख लावून घासलं ते हिनं. पण त्या ओळीत हिला जागा नव्हती. आता वडील गेले होते, त्यांचा टाक मी केलाच नव्हता, भावकी पांगली होती, घरात कर्ता मी. तिला नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, माझ्याशिवाय.

आणि मी कोण? हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारा जालिंदर सर, आणि तालुक्याच्या विवेक मंडळाचा पहिला वक्ता. गावोगाव जाऊन मी मुठीतून अंगारा काढून दाखवायचो, जिभेवर कापूर जाळायचो, लिंबातून रक्त काढायचो, आणि मग हे कसं केलं ते उलगडून सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. पितृपक्षात तर आमचं काम जोरात. मेल्यावर काही उरत नाही, कावळ्याला जेवू घालू नका, शेजारच्या पोराला घाला, असं मी घसा बसेपर्यंत सांगत फिरायचो. आणि त्याच पंधरवड्यात हिनं माझ्या हातात जोडवी ठेवली.

मी म्हटलं, जिवंत माणसाचा टाक कुणी करत नाही, हा तुमचाच नियम. त्यावर ती म्हणाली, “नियमानं तर माझा मेल्यावर बी न्हाई.” आणि मग जरा थांबून म्हणाली, “मी मेल्यावर तू करायचा न्हाईस, जालू. तू वाईट न्हाईस. पर करायचा न्हाईस. म्हून माझ्या हयातीत आण.”

तिच्या पोटात गाठ होती. मिरजेच्या डॉक्टरांनी चाचपून पाहिलं आणि घरी न्या म्हणाले. डोळे त्याआधीच गेले होते, नुसता उजेड-अंधार कळायचा. अशा माणसाशी काय बोलावं याची अक्कल कुणालाही असते. मला नव्हती. मी तिच्या खाटेवर बसून वर्गात शिकवावं तसं तिला शिकवलं. दिवा विझल्यावर उजेड कुठं जातो? कुठंच जात नाही, तो नसतो. माणसाचं तसंच. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“आसंल,” ती म्हणाली. “पर वरसातनं एकदा कुणाचा तरी अंगठा फिरला, नाव घेतलं, तर बरं वाटंल.”

“कुणाला बरं वाटेल? तू असणारच नाहीस.”

हे मी बोललो. याच शब्दांत बोललो. स्वयंपाकघरात मालनच्या, माझ्या बायकोच्या, हातातली पळी वाजायची थांबली.

थोरल्या आईनं माझ्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, “मला आत्ता बरं वाटंल की.”

  मी जोडवी खिशात टाकली आणि आणतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खरंच पोतदाराच्या दुकानात गेलो. दामूअण्णा पोतदार, आमच्या घरचे सगळे टाक त्यांच्या घराण्यानंच घडवलेले. पायऱ्या चढलो तर आत आमच्या मंडळाचे चिटणीस ढवळे सर बसलेले. लेकीच्या पैंजणाचा जोड तुटला होता, तो लावून घ्यायला आले होते. मला बघून खूश झाले, सरकून जागा केली. दामूअण्णांनी विचारलं, काय काम काढलं सर?

माझा हात खिशात होता. जोडवी बोटांना लागत होती. एवढंच म्हणायचं होतं की माझ्या थोरल्या आईचा टाक करायचाय. ढवळे फार तर मिशीत हसले असते. मंडळात चार दिवस थट्टा झाली असती. ढवळे तसा भला माणूस होता, कदाचित हसलाही नसता.

“भाषणात दाखवायला एखादा जुना टाक मिळतो का बघायला आलो,” मी म्हणालो. “लोकांना सांगायला बरं पडतं, हा नुसता पत्रा आहे म्हणून.”

ढवळ्यांनी मांडीवर थाप मारली. कल्पना फक्कड आहे म्हणाले. दामूअण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, थोरल्या वहिनींची तब्येत कशी आहे. बरी आहे म्हणालो. मग चहा आला, तो प्यायलो आणि उतरलो. जोडवी शाळेत नेऊन प्रयोगशाळेच्या टेबलाच्या खणात टाकली, भिंगांच्या डबीशेजारी. उद्या जाऊ म्हटलं. उद्या एका गावी भाषण होतं, परवा दुसऱ्या.

ती रोज संध्याकाळी विचारायची, केला का. सोनाराकडं पितृपक्षात गर्दी असते, मी सांगायचो. हे धडधडीत खोटं होतं. पितृपक्षात सोनाराकडं काळं कुत्रं फिरकत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती नुसती बरं म्हणायची. रागवायची नाही. मला लहानपणी शाळेतून पळून आल्यावर पोटात दुखायचं तेव्हाही ती असंच बरं म्हणायची.

अमावास्या उजाडली. मालननं देव काढून पितळी परातीत ठेवले. थोरल्या आईनं सकाळीच सांगितलं, माझी खाट देव्हाऱ्याच्या दाराशी आणा. आम्ही दोघांनी खाट उचलून आणली तेव्हा मला कळलं, तिचं काही वजनच उरलं नव्हतं. ती पडल्या पडल्या सांगत होती, खंडोबाला राख कमी लाव, जोतिबाचा घोडा नीट घास, खाचंत मळ ऱ्हातो. मालन घासत होती. सासूला म्हणतात तसं ती तिला आत्याबाई म्हणायची, पण आईसारखी जपायची. आमच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

मी पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो. दुपारी भाषण होतं.

“जालू,” तिनं हाक मारली. “आमुशा झाली की रं आज.”

मालननं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटत होतं मी आणलाय. इतके दिवस मी तिलाही, सोनाराकडं दिलाय, असंच सांगत होतो.

“आणलाय,” मी म्हणालो.

मालन गरम पाणी आणायला चुलीकडं गेली. परात माझ्यासमोर होती. खालच्या ओळीतले सहा टाक तीत पालथे-उताणे पडलेले. बाईचे टाक तीन. आजीचा टाक मोठा, लगेच कळला असता. एक आईचा. त्याला हात लागला आणि मी तो मागं घेतला. दिवसाउजेडी नुसता पत्रा म्हणून सांगणारा मी, पण आईचा उचलवेना. मग राहिली चिमाबाई. तिला मी पाहिलेलं नाही, माझ्या बापानंही पाहिलेलं नाही. ती उचलली, सदऱ्याला पुसली, खिशातून काढल्यासारखं केलं आणि थोरल्या आईच्या हातात ठेवली. हातचलाखीचा मला सराव होताच.

“घे. हा तुझा.”

तिनं टाक दोन्ही हातांत धरला. मग उजव्या हाताचा अंगठा त्यावर फिरवला. कडेवरून, पदरावरून, हातांवरून, वर तोंडावर. तिथं अंगठा थांबला. पुन्हा खाली जाऊन पुन्हा वर आला.

“नाक न्हाई व्हय रं मला?”

 मी म्हणालो की काम फार बारीक आहे, ठसाच तसा आहे, हल्ली असेच येतात. एकदा बोलायला लागलो की मला शब्द कमी पडत नाहीत.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. “बरं. नाकाचं एवढं काय.” मग विचारलं, “जोडवी पुरली?”

“पुरली.”

“ब्येस झालं. चांगला केलास बाबा.” तिनं टाक गालाला लावला, क्षणभर तसाच धरला. “मालनकडं दे. जाग्यावर ठिवू दे.”

मालन पाणी घेऊन आली होती. मी तिच्या हातात टाक दिला आणि तिच्याकडं न बघता चपला घालून भाषणाला निघून गेलो. सुटलो बुवा, असं वाटलं. खोटं कशाला बोलू, छातीवरचं ओझं उतरल्यासारखंच वाटलं.

तिसऱ्या माळेला थोरली आई गेली. शांतपणे गेली. माझा हात तिच्या हातात होता.

पुढं काय केलं ते सांगायची खरी लाज आहे. वर्षभरानं कराडला एका शिबिरात कुणीतरी विचारलं, की घरातल्या म्हाताऱ्यांच्या श्रद्धेचं काय करायचं. आणि मी ही गोष्ट सांगितली. अशी एक म्हातारी होती, तिला टाक हवा होता, तिला दुसऱ्याच कुणाचा टाक हातात दिला, आणि ती समाधानानं मेली. आता सांगा, टाकात काही होतं का? जे होतं ते तिच्या समजुतीत होतं. नाक न्हाई व्हय रं मला, हे मी तिच्या आवाजात करून दाखवलं. सगळा मांडव हसला. नंतर चारजण येऊन म्हणाले, श्रद्धा न दुखवता कसं वागावं याचा हा नमुना आहे सर.

तेव्हापासून ती गोष्ट माझ्या भाषणात बसली. पंचवीस वर्षं सांगत आलो. कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा, कुठं हशा येतो, सगळं पाठ.

गेल्या ऑगस्टात विट्याच्या वाचनालयात माझा सत्कार झाला. मालन माझ्या भाषणांना कधी येत नसे, पण शालीचा कार्यक्रम म्हणून त्या दिवशी पहिल्या रांगेत बसली होती. मी रंगात आलो. टाकाची गोष्ट सांगितली. आवाज काढला. हशा आला, टाळ्या आल्या.

 घरी आल्यावर तिनं चहा टाकला, माझ्यासमोर कप ठेवला आणि समोर बसली.

“आत्याबाईंनी मला गळ्याची शपथ घातली होती,” ती म्हणाली. “सव्वीस वर्षं पाळली. पण आज लोक त्यांच्यावर हसले, म्हणून बोलते.”

मला काही कळेना. मी म्हटलं, अगं लोक त्यांच्यावर नाही, गोष्टीवर हसले.

“तुम्ही चपला घालून गेलात आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, मालन, ही चिमाबाई हाय. तिच्या जाग्यावर बसव.”



“अठ्ठेचाळीस वर्षं घासलेला टाक त्यांना कळणार नव्हता? घासून घासून चिमाबाईचं नाक त्यांच्याच अंगठ्यानं गेलं होतं. मला रडू आलं. म्हटलं, आत्याबाई, मी जाते पोतदाराकडं, आत्ता जाते. तर नगं म्हणाल्या. जालूला सांगू नगंस, पोरगं शरमंल. म्हणाल्या, चिमाबाई थोर मनाची, ती सरकून बसंल. तिला घासताना माझं बी नाव घे. दोघींना एक अंगठा पुरंल.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय. घेते. दर सर्वपित्रीला घेते. तुम्ही त्या दिवशी घरात असता कधी?”

नव्हतो. सर्वपित्रीला माझं भाषण कुठं ना कुठं ठरलेलं असे.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मेल्यावर काही उरत नाही हे मी अजूनही मानतो. त्यात काही बदललं नाही. पण गावोगाव ज्यांच्या मुठी मी उघडून दाखवल्या त्या भोंदूंत आणि माझ्यात काय फरक होता? त्यांनी निदान परक्यांना फसवलं. आणि मी फसवलं असं तरी कुठं म्हणू? ती फसलीच नव्हती. तिनं मला फसू दिलं, कारण मी शरमलो असतो.

जोडवी माझ्याकडंच होती. निवृत्त झालो तेव्हा खणातलं सामान एका डब्यात घालून घरी आणलं होतं, त्यात होती. सकाळी ती काढली, लिंबू लावून धुतली आणि मालनला म्हणालो की पोतदाराच्या नातवाकडं जाऊन येतो.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “कशाला? आता लोकांनी बघितलं तरी चालतं म्हणून?”

मी दारातच उभा राहिलो.

“त्या बसल्यात आता तिथं,” ती म्हणाली, जरा मऊ आवाजात. “त्यांना उठवू नका.”

जोडवी परत डब्यात ठेवली.

यंदाच्या अमावास्येला मी कुठलं भाषण घेतलं नाही. मालनची बोटं संधिवातानं आखडली आहेत. तिनं परात आणली, राख आणली, चिंच भिजवलेली वाटी आणली आणि सगळं माझ्यापुढं ठेवलं. ती नावं सांगत गेली, मी घासत गेलो. खंडोबा. जोतिबा. भवानी. नारबा. मला नीट येत नव्हतं, राख सदऱ्यावर सांडत होती. मग तिनं चिमाबाईचा टाक हातात दिला. मी अंगठा फिरवला. कड, पदर, हात, आणि वर तोंड. तिथं नुसता गुळगुळीत पत्रा लागला.

“चिमाबाई,” मालन म्हणाली आणि थांबली. पुढचं नाव घेईना.

मी वाट पाहिली. तीही वाट पाहत होती.

“थोरली आई,” मी म्हणालो.

“तसं नाही. नावानं घ्या.”

जन्मात कधी ते नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. भाषणांतून शेकडो वेळा ती एक म्हातारी होती, म्हणून सांगितलं, पण नाव एकदाही घेतलं नव्हतं.

“हौसाबाई,” मी म्हणालो.

मालननं पुढचा टाक काढला आणि हातात धरून बसून राहिली. मी तोच घासत राहिलो, कितीतरी वेळ, तिच्याकडं बघायची माझी छाती होईना.